शकूनं मीठ सोडलं होतं

अण्णांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मुलाच्या घरी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बसले होते. दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, रडायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. सुनेनं फोन स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. "बाई, शकू गेली की ओ," एवढंच अण्णा म्हणाले आणि मग... पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं त्यांनीच पुढं सांगितलं, "ऊन बाधलं. दवाखान्यात नेली, पर लई उशीर झालाय म्हनले." सोलापूरच्या वैशाखात ऊन बाधून माणूस जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अशा चार ओळी येतात आणि आपण पान उलटतो. मीही विश्वास ठेवला. रडू नका म्हणून सांगितलेलं असूनही रडले, आणि सुनेचा ओरडा खाल्ला.

शकुंतला माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. तिच्या मशीनचा आवाज त्या भिंतीतून दिवसभर यायचा. कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे आणून ती किनारी शिवायची, आणि मी शाळेतून येऊन वह्या तपासत बसायचे. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून सगळी गल्ली मला 'बाई' म्हणते, शकूही म्हणायची. तिचे यजमान अण्णा रेल्वेत होते, होटगीला. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी येताना मळ्यातली मेथी नाहीतर दोडकी आणायचे. शकूचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे तिला राग आला की मराठी संपायचं आणि कानडी सुरू व्हायचं. रागात नसली तरी काही शब्द तिनं कधी बदललेच नाहीत. मिठाला ती 'उप्पु' म्हणायची. आमटीला उकळी आली की पळीतून थेंबभर तळहाताच्या खोलगट भागात घ्यायची, जिभेनं टिपायची, डोळे बारीक करून क्षणभर थांबायची आणि मग "उप्पु कमी हाय" म्हणत बरणीत हात घालायची. चव बघायला तिनं कधी वाटी घेतली नाही, चमचा घेतला नाही. तिच्या हातची शेंगाचटणी खाऊन माझा मुलगा मोठा झाला. चवीच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही, आणि ऐकून घ्यावं असं कुणी काही बोलायचंही नाही.

मला मावशी म्हणणारी तिची मुलगी मंजू शाळेत जायला लागली होती, त्या सुमाराची गोष्ट. शकू एकाएकी झोपेनाशी झाली. आधी गंमत वाटली. चार बायकांचं काम एकटी करायची, गाणी म्हणायची, उंबऱ्यावर रोज नवी रांगोळी. मग एका दुपारी तिनं घरातली सगळी भांडी रस्त्यावर मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून वाटून टाकली. अडवायला गेले तर माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात मला ओळखल्याची खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी ती अनवाणी रुळांच्या कडेकडेनं होटगीच्या दिशेनं निघाली, मे महिन्याच्या उन्हात. अण्णांच्या सोबत्यांनी तिला ओळखून घरी आणलं, तेव्हा तळपायांची सालटी निघालेली होती. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून जी पडली ती उठेचना. कितीतरी दिवस मशीन बंद. त्या मधल्या काळात तिच्यावर काय काय उपाय झाले ते मी लिहीत नाही. अंगाऱ्यापासून चटक्यापर्यंत सगळं झालं आणि मी भिंतीपलीकडून ते ऐकलं, एवढं सांगते. शेवटी मीच अण्णांच्या मागं लागून तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. अण्णा दवाखान्याच्या पायऱ्या चढताना उपरणं तोंडावर ओढून घेत होते.

डॉक्टर तेव्हा तरुण होते. त्यांनी पांढऱ्या साध्या गोळ्या लिहून दिल्या. लिथियम कार्बोनेट. मी विज्ञानवाली, मला नाव माहीत होतं ते वेगळ्या कारणांनी. लिथियम हा सगळ्यात हलका धातू. त्याचा हा क्षार काचेत घालतात, चिनीमातीच्या भांड्यांच्या झिलईत घालतात, आणि आता तर मोबाईलच्या बॅटऱ्यांमुळे पोरासोरांनाही लिथियम हा शब्द ठाऊक आहे. पण हाच क्षार मोजून घेतला तर माणसाच्या मनाचा झोका दोन्ही टोकांना जाण्यापासून आवरतो, हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं. डॉक्टरांनी शकूला समोर बसवून समजावलं, अगदी लहान मुलाला समजावतात तसं. "ही गोळी म्हणजे एका प्रकारचं मीठच आहे. तुमच्या जेवणातलं मीठ कमी झालं तर शरीर हे मीठ धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. मग त्याचं विष होतं. जेवणात मीठ नेहमीसारखं खायचं, कमी करायचं नाही, एकदम वाढवायचं नाही. उन्हाळ्यात पाणी भरपूर, ताक प्यायचं मीठ घालून. आणि रक्त तपासत राहायचं." शकूनं मान डोलावली. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "म्हंजी उपास न्हाय करायचा का ओ बाई?" मी म्हटलं, कर, पण मिठाचा कर. तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

गोळ्यांनी ती सावरली. एकदम नाही, हळूहळू, पण सावरली. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा मी वर्गात पहिल्याच तासाला विनाकारण मुलींना सुट्टी दिली होती. एकदा सुट्टीच्या दिवशी तिला शाळेच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. बर्नर पेटवला. तारेवर आधी साधं मीठ घेतलं, ज्योत पिवळी झाली. मग तिच्या गोळीचा चुरा आम्लात भिजवून घेतला, तर ज्योत अशी किरमिजी लाल पेटली की शकूनं पदर तोंडाला लावला. "हे माज्या पोटात?" म्हणाली, आणि मग हसत सुटली. "माजी लाल हाय म्हना की, बाई!" ज्योतीला या दोन क्षारांतला फरक लगेच कळतो. मूत्रपिंडाला कळत नाही. मीठ कमी पडलं की ते मीठ समजून लिथियमच साठवत बसतं. हे मी तिला तिथंच बर्नरशेजारी पुन्हा सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं ती मला डॉक्टरांचं वाक्य पाठ म्हणून दाखवायची, "कमी न्हाय, एकदम जास्ती न्हाय." तिला माहीत होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. अडाणी होती म्हणून झालं असं कुणी म्हणू नये.

गोळ्या ती मिश्रीच्या डबीत ठेवायची. मिश्री तिनं आयुष्यात दातांना लावली नाही, पण बाईमाणसाची मिश्रीची डबी कुणी उघडून बघत नाही, हे तिचं शहाणपण. घरी अण्णांना आणि शेजारी मला, एवढ्या दोघांनाच गोळीचं खरं नाव माहीत. पाव्हण्यारावळ्यांत कुणी बघितलीच तर झोपेची गोळी. मंजूलासुद्धा तेच सांगितलेलं. वेड हा शब्द घराला चिकटला असता तर मंजूचं लग्न जमलं नसतं, आणि यात शकूचं काही चुकत होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लग्न जमलं, मोहोळला. जावयाचं बाजारात बी-बियाण्यांचं दुकान. माणसं चांगली. पहिला मुलगा झाला, सगळं ठीक. दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र मंजू झोपेनाशी झाली.

त्यांनी तिला अशक्तपणा म्हणून माहेरी पाठवलं. बाळाला दूध पाजता पाजता ती बोलत सुटायची, थांबायचीच नाही. एके दिवशी फडताळातले सगळे डबे अंगणात रिकामे केले, डाळ, तीळ, हळद, सगळं चिमण्यांसाठी. शकूनं ते बघितलं आणि ती मटकन खाली बसली. तिला सांगावं लागलं नाही. "माज्यातनं गेलं बाई तिच्यात," एवढं एकच वाक्य ती दिवसभर म्हणत होती. त्याच डॉक्टरांकडे नेलं. आता त्यांचे केस पांढरे झालेले. तपासण्या झाल्या, बाळाचं वरचं दूध सुरू झालं आणि मंजूला तीच गोळी लिहून दिली. मंजूनं ती मोरीत थुंकली. पुन्हा दिली, पुन्हा थुंकली. "मी येडी न्हाय," म्हणून किंचाळली. तेव्हा शकू उठली, मिश्रीची डबी आणली आणि मुलीच्या समोर उघडली. त्यातली एक गोळी काढून स्वतःच्या जिभेवर ठेवली, पाणी प्यायली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. "तू साळंत जात हुतीस तवापासनं खातीय. मी येडी दिसती का तुला?" मंजू बघत राहिली. त्या दिवशी तिनं गोळी घेतली नाही, पण थुंकलीही नाही. मी दारात उभी होते.

त्यानंतर पाडव्याच्या आधी मी डोळ्यांसाठी पुण्याला गेले. फोनवर बोलणं व्हायचं. मंजू गोळ्या घेऊ लागली होती, झोपू लागली होती. शकूचा आवाज मात्र मला जड वाटायचा. जीभ अडखळल्यासारखी. विचारलं तर म्हणाली, "कवळी बसवलीय की. नवीन हाय, रुळली न्हाय अजून." मी हसले आणि कवळीवरून तिला चिडवलंही. तिनं कवळी बसवलीच नव्हती. तिचे सगळे दात शेवटपर्यंत तिच्याच तोंडात होते. माझ्याशी इतकं सफाईदार खोटं ती त्याआधी कधीच बोलली नव्हती, आणि त्याचा मला अजून राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलेली आहे.

तेराव्याला मी काळा चष्मा लावून सोलापूरला पोचले. शकूच्या घरात पंगत बसली होती. मंजूच्या सासरची माणसं मोहोळहून आलेली, भावकी आलेली. अण्णांच्या थोरल्या बहिणीला आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या बायकांच्यात बसून शकूचं कौतुक सांगत होत्या. "अशी आई व्हायची न्हाय. पोरगी बाळंतपनात लई अशक्त झालती. पाडव्याला शकू मला म्हनली, वन्सं, सिद्धेश्वराला काय सोडू? मी म्हनलं, तुला जे सुटत न्हाय ते सोड. तर म्हनली, मीठच सुटत न्हाय मला. आन सोडलं की! पोरगी खणखणीत हुईस्तवर मिठाचा कण तोंडात घेनार न्हाय म्हनली. कुनाला सांगायचं न्हाय म्हनून मला शपथ घातली. दूध-भाकरी खायची, गूळ-भाकरी खायची. आन बगा, पोरगी झाली का न्हाय बरी?" बायकांनी हात जोडले. उन्हात घामावाटे जाणारं मीठ, पोटात न येणारं मीठ, आणि रोज न चुकता दोन वेळा ती गोळी. जड जीभ. नंतर अण्णांनी सांगितलेला हातांचा थरथराट, चालताना जाणारा झोक, जुलाब. ऊन नव्हतं ते. निदान नुसतं ऊन नव्हतं.

अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले होते, त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. हळू आवाजात म्हणाले, "दोन म्हैने भाजी कंदी खारट व्हायची, कंदी आळनी. मी वरडायचो तिला. म्हनायचो, हाताची चव गेली तुजी..." चव घेणं तिनं सोडलं होतं. घरच्यांसाठी मीठ घालत होती, पण अंदाजानं. तळहातावरचा थेंब तिनं दोन महिने जिभेला लावला नव्हता. आणि ऊन बाधलं म्हणून नेलं त्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, कसली औषधं चालू आहेत का? अण्णा इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाले होते, "न्हाय, तसलं काय न्हाय." हे त्यांनी मला सांगितलं आणि तोंड फिरवलं. मला त्यांना बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं... पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवण्यापलीकडे मला काही जमलं नाही.

आणि तेवढ्यात पंगतीत वाढणारी बाई मंजूच्या पानाशी आली. मीठ वाढायला तिनं चिमूट उचलली तर मंजूनं पानावर हात आडवा धरला. "मला मीठ नको. वर्षश्राद्धापर्यंत सोडलंय मी. आईच्या नावानं." पंगतीत एकदम हळहळ उठली. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आईची लेक शोभतीस!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मंजूच्या दोन्ही बाजूंना सासरच्या बायका बसलेल्या, त्यांना गोळीचं काहीच माहीत नाही. ओरडून सांगावं तर पोरीचं सासर जातं, गप्प बसावं तर पोरगी जाते. शिवाय सांगायचं म्हणजे तिला हेही सांगायचं, की आई तुझ्यासाठी गेली. बाळंतपणातून आत्ता कुठं वर आलेल्या मुलीला. मी उठले आणि तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. दार लोटून घेतलं.

"मंजू, मीठ सोडायचं नाही. डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पण आईनं सोडलंच की. मिठानं तिला काय झालं? ती तर उन्हानं गेली."

शिकवण्यात आयुष्य गेलं माझं, एक वाक्य जुळवता येईना. ती माझ्या काळ्या चष्म्याकडे बघत होती, आणि मग तिनं तो स्वतःच्या हातानं काढला आणि माझे डोळे बघितले. तिला कळलं. ती ओट्याला पाठ लावून खाली सरकली. "म्हणजे ऊन न्हवतं ते, मावशी," म्हणाली. मी 'नव्हतं' म्हणून मान हलवली. "माझ्यासाठी सोडलं तिनं." मी म्हटलं, "तुझ्यासाठी सोडलं, पण तू बरी झालीस ती गोळीनं झालीस. आईच्या नेमानं नाही. ती रोज मीठ खात राहिली असती तरी तू बरी झाली असतीस." कठोर होतं हे, मला माहीत आहे. शकूच्या मरणातला सगळा अर्थच मी त्या एका वाक्यानं काढून घेतला. पण दुसरं काय सांगायचं होतं? मंजू रडली नाही. बराच वेळ ती फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे बघत बसली. मग उठली, तोंड धुतलं आणि माझ्याआधी बाहेर गेली.

पानावर बसून तिनं वाढणाऱ्या बाईला हाक मारली, "मला मीठ वाढा." आत्याबाई दचकल्या. "अगं, नेम बोललीस की आत्ता! आईच्या जिवाला काय वाटंल?" मंजूनं त्यांच्याकडे बघितलं, मग सासूकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी गोळी खाते, आत्या. डोक्याची. लिथियमची. आईपण तीच खायची, मी शाळेत होते तेव्हापासून. ती खाणाऱ्यानं मीठ सोडायचं नसतं. आईनं सोडलं, म्हणून गेली." पंगतीत कुणाचा हात पानावरून हलला नाही. आत्याबाईंनी शकूवर जीव लावला होता, आणि 'सुटत न्हाय ते सोड' हे वाक्य आता त्यांना मरेपर्यंत पुरणार आहे. मंजूची सासू स्वतःच्या पानातलं मीठ बोटानं मंजूच्या पानाकडे सरकवायला गेली, मग थांबली, आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "वाढा की. तिला वाढा."

पुढं मी मंजूबरोबर गोळीच्या त्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. दवाखान्यात रक्तातलं लिथियम कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे खात्रीनं काही सांगता येणार नाही, म्हणाले, पण तसंच झालं असणार. मला त्यांना एकच विचारायचं होतं. तिला माहीत होतं हो सगळं, मग तिनं असं का केलं? त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मंजूच्या रक्ततपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली. तिला मरायचं नव्हतं, एवढं मी छातीठोक सांगते. मंजूच्या बाळाला कुंची शिवायला घेतली होती तिनं, मशीनवर अर्धी पडून आहे. देवाला काहीतरी खरं द्यायला हवं, फुकटचं नको, असं तिला वाटलं असेल. आणि मधल्या मधे देव जरा सांभाळून घेईल, असंही. सांभाळून घेतलं नाही.

हे सगळं छापायचं की नाही, असं मी मंजूला विचारलं. ती म्हणाली, "लिहा मावशी. गोळीचं नावसुद्धा लिहा. कुणाच्या तरी मिश्रीच्या डबीत असंल."

ती सध्या मोहोळहून आठवड्याला येते, अण्णांचा स्वयंपाक करून ठेवते. परवा गेले तर आमटी उकळत होती. अण्णा बाहेर बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. भिंतीपलीकडचा मशीनचा आवाज नसल्यामुळे हल्ली मला माझ्या घरात बसवत नाही, म्हणून मी या घरात येऊन बसते. मंजूनं पळीतून थेंबभर आमटी तळहातावर घेतली. हात किंचित थरथरत होता. तेवढा या गोळीनं थरथरतोच, डॉक्टर म्हणतात, आणि पुढच्या फेरीला रक्त द्यायचंच आहे. तरी मी त्या हाताकडे बघत राहिले. तिनं जिभेनं थेंब टिपला, डोळे बारीक केले, क्षणभर थांबली.

"उप्पु कमी आहे," म्हणाली, आणि बरणीत हात घातला.